गोल्टीची जहाजं

आधी रशिदाआपाचं नाव लिहिते, मग बाकीचं. लिहिता लिहिता माणूस स्वतःकडेच वळतं आणि ज्यांनी हात दिला ते शेवटच्या ओळीत आभारापुरते उरतात, याची मला धास्ती वाटते. तशी मला सगळ्याचीच धास्ती असते. गॅस बंद केला का, हे बघायला मी आजही रस्त्यावरून परत येते. तर रशिदाआपा. विंचूरला बापूशेठचं कांद्याचं खळं होतं, तिथं कांदा निवडणाऱ्या आम्हा बायकांची ती मुकादम. उंच, हाडापेरानं रुंद, दातांना मिश्री, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, आणि आवाज असा की ट्रकवाला इंजिन बंद करून ऐकायचा. तिला अक्षर येत नव्हतं. माझी शाळा आठवीत सुटलेली. अशा आम्ही दोघींनी मिळून अमेरिकेचा इतिहास हा परीक्षेत अडलेला विषय काढला, असं मी म्हणते. ती मात्र म्हणते, मी कुठं, मी तर कांदे मांडत होते.

मी भंडाऱ्याकडची. आमच्या गावाला एका अंगानं धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि दुसऱ्या अंगानं तलाव. तलावात मासे धरणाऱ्या धीवर लोकांचे डोंगे, काठाला शिंगाड्याचे वेल. आई अंथरुणाला लागली तेव्हा घरातली मोठी ताई लग्न होऊन गेलेली होती, म्हणून शाळा माझी सुटली. आई गेल्यावर ताईनं मला आपल्याकडं आणलं. भाऊजी एसटीत कंडक्टर, त्यांची बदली या मुलखात झालेली. रेल्वेतून उतरले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे वास. सगळ्या हवेला कांद्याचा वास होता, अंगावरच्या लुगड्याला, पावाला, नोटेला. दुसरी गोष्ट म्हणजे भात नव्हता. म्हणजे होता, पण सणाला असावा तेवढा. बाजरीची भाकर पहिल्यांदा तोंडात घातली तेव्हा ती घशात अडकून मला रडू आलं, आणि ताईनं पाठ थोपटत म्हटलं, "सवय होते, मलेबी झाली." खरंच झाली. आता जिऱ्या-लसणाच्या चटणीबरोबर तव्यावरची भाकर मिळाली तर मी भाताचं नाव काढत नाही. फक्त पाऊस पडून गेल्यावर कधी तरी धानाचा वास आठवतो, आणि मग दिवसभर कशातच लक्ष लागत नाही.

ताईची खोली एकच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली ताईच्या लग्नातली पेटी, आणि पेटीवर माझी पुस्तकं. मुक्त विद्यापीठात शाळा न शिकलेल्या माणसालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला बसता येतं, हे भाऊजींनीच बसमध्ये कुणाकडून तरी ऐकून आणलं होतं. पहिल्या वर्षाची फी त्यांनी भरली, पुस्तकांना खाकी कव्हरंही त्यांनीच घातली. माणूस वाईट नव्हता. पण मी अमेरिकेच्या इतिहासात नापास झाले. सगळं पाठ होतं आणि प्रश्नपत्रिका हातात आल्यावर एक शब्द आठवेना. तीन तास मी समासाच्या रेघा ओढत बसले. भाऊजींनी निकालाचा कागद घडी घालून पेटीत ठेवला. दोन दिवसांनी जेवताना म्हणाले, "अजून एक डाव देऊन पाह्य. या वेळी नाही निघाला तं गावाकडे जाऊ. मामानं एक पोरगा पाहून ठेवला हाये." पोरगा कसा आहे हे मी विचारलं नाही. मला इथंच राहायचं होतं, कांद्याच्या वासात, आणि शिकायचं होतं. आता सगळं एका पेपरावर होतं.

खळ्यातलं काम असं. पत्र्याच्या शेडमध्ये कांद्याचा डोंगर ओतलेला, आम्ही गोणपाटावर अर्धगोल बसलेल्या. मोठा कांदा एकीकडं, मध्यम एकीकडं, आणि लिंबाएवढा बारीक तो गोल्टी, तो तिसरीकडं. जोडकांदा, कोंब फुटलेला, मऊ पडलेला, हे कुठल्याच प्रतीत न बसणारे मागे फेकायचे. त्यातले बरे असतील ते बायकांनी जाताना ओच्यात घालून न्यावेत, असा रिवाज. हातांचा एकसारखा सुळसुळ आवाज, टरफलं उडून केसांत बसलेली, दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा. आणि आपाचा एक नियम होता. कामात कुणी गोष्ट सांगत असली, म्हणजे सिनेमाची असो, माहेरच्या भांडणाची असो, तर तिनं हात थांबवून नीट सांगायची. तिच्या वाटचा ढीग बाकीच्यांनी उरकायचा. "सांगणारीचा ढीग सगळ्यांचा," आपा म्हणायची. "अर्ध्या हातानं सांगितलेली गोष्ट अर्धीच लागते."

मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक काढून ओठ हलवत बसायचे. माझ्या शेजारी हौसाबाई बसायची, बारीक, काळी, जिभेची तिखट. ती म्हणाली, "आपा, ही नागपूरवाली काय पुटपुटती बघ. जादूटोणा करती काय?" मी नागपूरची नाही, हे सांगून मी थकले होते. नागपूरच्या पुढं काही असतं यावर विंचूरकरांचा विश्वास नव्हता.

आपानं भाकरीचा घास थांबवून विचारलं, "काय हाय गं ते?"

"युद्ध आहे आपा. अमेरिकेचं आणि इंग्रजांचं. जुनं, अठराशे बारा सालचं."

"कोन जिंकलं?"

पुस्तकात ते धड लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणीच नाही बहुतेक."

"मंग लढले कशाला? सांग आज. तुझा ढीग आमी उरकतो."

अशी ती लढाई आमच्या खळ्यात सुरू झाली. पहिल्या दिवशी मी पुस्तकातली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली, तर बायका जांभया द्यायला लागल्या. आपा म्हणाली, "हे तू माला नको सांगू. हौसाला कळंल असं सांग." हौसाबाई म्हणाली, "म्हंजी मी काय येडी हाय?" पण ऐकायला ती पुढं सरकून बसली. मग मी माझ्या शब्दांत सांगू लागले. इंग्रजांची फ्रान्सशी लढाई चालली होती, त्यांना खलाशी कमी पडत होते, तर ते भर समुद्रात अमेरिकेची जहाजं अडवून त्यांवरची माणसं पकडून न्यायचे. आणि व्यापारही करू द्यायचे नाहीत. त्यावर अमेरिकेच्या सरकारनं आधी काय केलं, तर युद्ध नाही केलं. आपल्याच जहाजांना सांगितलं, कुणी माल बाहेर न्यायचा नाही. इंग्रज उपाशी मरतील म्हणून.

एवढं सांगितलं आणि शेडमध्ये हसू पिकलं. त्या महिन्यात आमच्याकडं कांद्याची निर्यात बंद होती. खळ्यात माल साचलेला, बापूशेठ तोंड पाडून रेडिओ ऐकायचा, निम्म्या बायकांना त्यानं घरी बसवलेलं. हौसाबाईनं डोळे पुसत विचारलं, "मंग मेले का इंग्रज?"

"नाही. यांचाच माल बंदरात सडला."

"मंग बापूशेठला विचारायचं ना त्यांनी."

त्या दिवसापासून युद्ध आमच्या घरचं झालं. दुसऱ्या दिवशी आपानं जमीन झाडून घेतली आणि म्हणाली, "नुसतं ऐकून डोक्यात ऱ्हात नाय. मांडून दाखव." ओलं गोणपाट लांब अंथरलं, ते तळं. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली ती तळी एवढी मोठी की ही लढाई बरीचशी त्यांच्यावरच झाली. हौसाबाईनं विचारलं, "मधमेश्वरच्या धरणाएवढं?" मी म्हटलं, त्याहून कितीतरी मोठं, पलीकडचा काठ दिसत नाही. आणि मग मला आमचा तलाव आठवला. सकाळचं धुकं, डोंग्यात उभा राहून बांबू टेकवणारा धीवर, डोंगा वळताना पाण्यावर उठणारी घडी. ते मी सांगत गेले. इतक्या महिन्यांत घराबद्दल मी कुणाशी एवढं बोलले नव्हते, आणि बोलायला निमित्त मिळालं ते सातासमुद्रापलीकडच्या लढाईचं. आज मी काम करते त्या वाचनालयात मुलं परीक्षेची पुस्तकं घेऊन येतात आणि म्हणतात, मावशी, डोक्यात काही राहत नाही, तेव्हा मी त्यांना विचारते, तुमच्या गावाला पाणी कुठलं आहे?

समुद्रातली जहाजं त्या तळ्यांत येऊ शकत नव्हती, मध्ये मोठा धबधबा. म्हणून दोन्हीकडच्यांनी काठावरचीच झाडं पाडून तिथंच जहाजं बांधली. सुतार, खिळे, दोर, तोफा, सगळं आडरानातून ओढत आणलं. ज्याची जहाजं आधी तयार तो तळ्याचा मालक. हौसाबाईचा नवरा सुतार, ती म्हणाली, "ओल्या लाकडाचं जहाज? वाकंल की." मी म्हटलं, वाकू दे, एक लढाई टिकलं की झालं. इंग्रजांची जहाजं आपानं मोठ्या कांद्यांची मांडली. अमेरिकेची संख्येनं जास्त, पण बरीचशी लहान; ती गोल्टीची. आणि त्यांच्या सरदाराचं मुख्य जहाज फुटलं तेव्हा तो साध्या होडीत बसून, गोळे पडत असताना, दुसऱ्या जहाजावर गेला आणि तिथून लढाई जिंकला. ते ऐकल्यावर आपानं एक लाल टरफल घेतलं, त्यावर एक इवलासा कांदा ठेवला, आणि गोणपाटावरून अलगद सरकवत पलीकडं नेला. सगळ्या बायका पुढं वाकून बघत होत्या. पोहोचल्यावर कुणीतरी म्हणालं, "गेला बाई एकदाचा."

पण त्यांना सगळ्यात आवडली ती नदीवरची फजिती. अमेरिकेची एक फौज नदी ओलांडून कॅनडात लढायला गेली. मागे राहिलेल्या गावोगावच्या शिपायांना पलीकडं या म्हटलं, तर ते काठावरच थांबले. आपल्या राज्याचं रक्षण करायला आम्ही नाव घातलंय, नदीपलीकडं जायचं कायद्यात नाही, म्हणाले. पुढं गेलेले तिकडं हरले आणि हे अलीकडून बघत राहिले. आपा म्हणाली, "वाईट केलं." हौसाबाई म्हणाली, "वाईट कसं? बोली जेवढी तेवढंच काम." त्यावर दोघींचं संध्याकाळपर्यंत वाजलं.

राजधानी जाळल्याचं सांगितलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. राष्ट्राध्यक्षाच्या घरी जेवण तयार होतं, पानं मांडलेली. त्याची बायको जेवढं वाचवता येईल तेवढं घेऊन निघून गेली. इंग्रजांचे अधिकारी आले, मांडलेल्या पानांवर बसून जेवले, आणि मग घर पेटवलं. हौसाबाईचा हात थांबला. "जेवून? त्यांच्याच घरचं मीठ खाऊन?" दुसऱ्या दिवशी मोठं वादळ आलं, पावसानं आगी विझल्या, हे मी घाईनं सांगितलं, तेव्हा तिनं पुन्हा कांदा उचलला.

आणि शेवटची लढाई. तह झाला होता, सह्या झाल्या होत्या, पण सह्या झाल्या समुद्राच्या त्या बाजूला आणि कागद जहाजातून येत होता. तो येईपर्यंत दक्षिणेकडच्या एका बंदराजवळ दोन्ही फौजा भिडल्या आणि इंग्रजांची माणसं रांगेनं पडली. तहानंतर. आपानं मांडलेले मोठे कांदे एकेक करून ढिगात परत ठेवले. "फुकट गेली लेकरं," एवढंच म्हणाली. मग तिनं बाजूला पडलेल्या जोडकांद्यांकडं बोट दाखवलं. ते मी जंगलातल्या मूळच्या लोकांसाठी मांडले होते, जे इंग्रजांच्या बाजूनं लढले होते. "आणि ह्यांचं?"

"त्यांच्या जमिनी परत द्यायचं तहात लिहिलं होतं. दिल्या नाहीत. दोन्ही बाजूंचं जिथल्या तिथं राहिलं, यांचं गेलं."

आपानं ते कांदे ओच्यात घातले. "चला. ह्यांना मी घरी नेते," म्हणाली.

एक गोष्ट मात्र अडून राहिली. आपा रोज विचारायची, "जहाज केवढं असतं गं? आपल्या खळ्याएवढं?" मला माहीत नव्हतं. मी डोंगे पाहिले होते, जहाज कधी पाहिलं नव्हतं. तिथल्या एकीनंही समुद्र पाहिला नव्हता. आम्ही निवडलेला कांदा मात्र वर्षानुवर्षं जहाजात बसून जात होता.

पेपरच्या आदल्या दिवशी बापूशेठ धावतच शेडमध्ये आला. रेडिओनं सांगितलं होतं, निर्यात सुटली. "उद्या दिवस उगवायला सगळ्या पाहिजेत. दोन गाड्या बंदराकडं काढायच्या. हमाल जत्रेला गेलेत, तर गोण्या गाडीपर्यंत तुमीच न्यायच्या."

आपा उठून उभी राहिली. "शेठ, नागपूरवाली उद्या येणार नाय. तिचा पेपर हाय नाशिकला."

"पुढच्या साली दे म्हणावं. कांदा काय पुढच्या सालापर्यंत थांबतो?"

"पोरीचंबी थांबत नाय."

"आपा, मी आत्ता कुणाला सोडणार नाय. जिला जायचं तिनं कायमचं जावं."

मी म्हणणार होते, राहू द्या, मी येते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात हौसाबाई बसल्या जागेवरून बोलली, कांदा निवडता निवडता, वर न बघता. "शेठ, आमी निवडणाऱ्या. उंबऱ्याच्या आत सांगाल ते करू. उंबऱ्याभायेर गोणी न्यायची आमची बोली नाय."

शेठ चकित. "अगं, गेल्या साली तूच वढत होती की."

"तवा माला म्हाईत नव्हतं."

"काय म्हाईत नव्हतं?"

"आमेरिकेचे लोक नदीपाशी थांबले व्हते ते."

शेठनं आपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं. एकेक बाई हात झाडून मांडी घालून बसली. सुळसुळ आवाज बंद झाला, आणि तो बंद झालेला मी त्या खळ्यात पहिल्यांदाच ऐकला. मग आपा हळू आवाजात म्हणाली, "पोरीला जाऊ द्या शेठ. तिच्या वाटचं आमी करू, आणि उंबराबी वलांडू. तिचा ढीग आमचाच हाय."

शेठ बडबडत निघून गेला. दारातून ओरडला, "पास हो म्हणावं निदान."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघाले. ताईनं डब्यात भात दिला होता, खास. परीक्षेचं केंद्र पंचवटीत. पूल ओलांडून गेले तेव्हा भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुड्या सुटत होत्या आणि देवळाच्या घंटा वाजत होत्या. वर्गात बसले, पेपर हातात आला, आणि पुन्हा तसंच झालं. अक्षरं दिसत होती, अर्थ लागत नव्हता. मोठे प्रश्न सगळे दुसऱ्याच गोष्टींवर. शेवटी टिपा लिहा, त्यात एका ओळीत आमचं युद्ध. थोड्याशा गुणांसाठी, दहा ओळींत आटपायचं. मी मनात ओलं गोणपाट अंथरलं. तळं दिसलं, आमचंच, धुक्यातलं. आणि लिहायला लागले ते थांबलेच नाही. तळी, ओलं लाकूड, नदीकाठचे शिपाई, मांडलेली पानं, उशिरा आलेला तह. पुरवणी घेतली तेव्हा पर्यवेक्षकांनी घड्याळ दाखवलं. पण हात सुटला होता. उरलेल्या वेळात मोठे प्रश्नही लिहिले, जमतील तसे, आणि आश्चर्य म्हणजे ते आठवत गेले.

परतीच्या बसमध्ये निफाड गेल्यावर मला एकदम आठवलं. मी उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं, 'तळ्यावरील अमेरिकेची बरीचशी जहाजे गोल्टी होती.' विद्यापीठाच्या पेपरात. पुढचे दोन महिने मी तो शब्द मनातल्या मनात खोडत होते. तपासणारे हसले असतील, रागावले असतील, पुण्याचे असतील तर त्यांना कळलंच नसेल. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "आता भाऊजीले सांगू नको."

निकाल लागला, मी पास झाले. काठावर, पण झाले. भाऊजींनी बसमधल्या उतारूंना पेढे वाटले, म्हणे एकालाही फुकट सोडलं नाही. खळ्यात आपाला ते गोल्टीचं सांगितलं तेव्हा ती एवढी हसली की बांगडी फुटली. "ज्यानं तपासलं त्याच्या घरी कांदा हाय," म्हणाली. हसताना तिनं कमरेला हात लावला. गाड्या भरल्या त्या दिवसापासून तिची कंबर धरली होती. माझ्या वाटच्या गोण्या तिनं कुणाला उचलू दिल्या नव्हत्या, हे मला हौसाबाईनं सांगितलं. आपाला विचारलं तर ती म्हणाली, "गोणीनं नाय गं, वयानं." तेव्हा ती माझ्या आजच्या वयाहून लहान होती.

पुढं मी पदवी घेतली, पंचवटीत वाचनालयात लागले, इथंच रमले. तक्रार करावी असं फारसं काही नाही. आपा आता येवल्याला लेकीकडं असते. घरात जावयाचा हातमाग आहे, त्याचा खटखट आवाज फोनवर ऐकू येतो. कान मंद झालेत, आवाज तोच. ईदला मी शीरखुर्मा खायला जाते. दर वेळी ती एकच विचारते, "काय गं नागपूरवाली, जहाज पाह्यलं का?"

नाही पाहिलं. मध्ये वाचनालयाची मंडळी मुंबईला गेली होती, बंदरावरही जाऊन आली. मी पाय दुखतात म्हणून मागे राहिले. पाय काही दुखत नव्हते. तिच्या आधी बघायचं मन होईना.

तर आपा, हे तुला कुणीतरी वाचून दाखवेल तेव्हा ऐक. तुझी कंबर आणि माझे गुडघे साथ देतात तोवर मी एक दिवस गाडी करून येवल्याला येणार आहे. तुला पुढच्या सीटवर बसवणार, पाठीला उशी लावणार, आणि जिथं आपला कांदा जहाजात चढतो तिथपर्यंत नेणार. आधी तू बघशील. मग मी.